झोपलेली चिप आणि सावलीतली खाट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिघोरीच्या शिवारातल्या एका विहिरीवरची मोटार गेल्या उन्हाळ्यात चोर, दरोडेखोर, गुप्तहेर आणि शत्रुराष्ट्रे यांच्यापासून पूर्णपणे सुरक्षित करण्यात आली. ती इतकी सुरक्षित झाली की मालकालाही सुरू करता येईना. या प्रसंगी मी स्वतः हजर होतो, पोटभर मटण खाऊन हजर होतो, आणि जे पाहिलं ते पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवणं हे माझं कर्तव्य समजतो.

विहीर माझ्या थोरल्या भावाची, मोटार त्याचीच, आणि सुरक्षा त्याच्या जावयाची. मी भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दादाचा फोन आला, "जवाई आले हायेत. रविवारी ये." आमच्याकडे या वाक्याला रश्शाचा वास असतो. मी गाडीला किक मारली.

जवाईबापू मूळचे वरठीचे. वडील सायकलने पोलादाच्या कारखान्यात जायचे. मुलगा पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो. पुण्याने त्यांच्या 'मले'चं 'मला' केलं, त्याला माझी हरकत नाही. पण पुण्याने त्यांना असंही शिकवलं की जगात तक्रार म्हणून जे काही असतं, त्यावर उपाय करायचा असतो. दिवाळीत दादा सहज बोलून गेला, "कोणीतरी चोरून आपली मोटार चालवते." ही तक्रार दादा दरवर्षी करतो. आमचे वडीलही करत. तिच्यावर उपाय करायचा नसतो, मान हलवून पानाचा डबा पुढे सरकवायचा असतो. जवाईबापूंनी ती मनावर घेतली आणि उन्हाळ्यात रजा काढून उपाय घेऊन आले.

उपाय असा. मोटारीच्या स्टार्टरची हिरवी-लाल बटणं काढून टाकली. त्यांच्या जागी हौशी लोक खेळायला घेतात तसलं एक निळं बोर्ड आलं, ज्याच्यावर छोटासा कॉम्प्युटर असतो. तसली दोन-चार बोर्डं माझ्या शाळेच्या कपाटातही धूळ खात पडली आहेत. फोनवरून हुकूम आला की बोर्डाने रिले नावाचं एक छोटं स्विच दाबायचं आणि मोटार चालू करायची. इथपर्यंत मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण हुकूम देणारा फोन घरचा की चोराचा, हे कोण ठरवणार? त्यासाठी एक चिप. तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि ती किल्ली ती कोणालाही दाखवत नाही. बोर्डाने तिला दर वेळी विचारायचं, हा माणूस आपल्यातला का, आणि तिने सही करून हो म्हणायचं. ती हो म्हणत नाही तोवर मोटार हलणार नाही.

"काकाजी, बँकांमध्ये हीच टेक्नॉलॉजी असते," जवाईबापू म्हणाले.

बँकेत धान लावत नाहीत, हे मी मनातल्या मनात म्हणालो. जावयासमोर आमच्याकडे बरंच काही मनातल्या मनातच म्हणतात.

ही चिप चोरांनी उपसून नेऊ नये म्हणून तिला स्टार्टरच्या लोखंडी डब्यात, पांढऱ्या मसाल्याने कायमची चिकटवली होती. आमच्या गावात त्या दाण्याला बघून 'हे चोरावं' असं ज्याला वाटेल, तो माणूस अजून जन्मायचा आहे. पण तो जन्मला तर त्याची काही खैर नव्हती. डब्याबाहेर फक्त चार बारीक वायरी लोंबत होत्या, तिच्याशी बोलण्यासाठी.

हे सगळं शनिवारी बसवून झालं. पुण्याच्या टेबलावर चालणारी चिप दिघोरीच्या शिवारात एकदाही बोलली नाही.

आता या गमतीत एक माणूस हसत नव्हता, ती माझी वहिनी. उन्हाळी धान लावायचं तिने ठरवलं होतं. दादा नको म्हणाला होता, शेजारची चार शहाणी माणसं नको म्हणाली होती, आणि ती कोणाचंही न ऐकता विहिरीलगतच्या बांधीत, म्हणजे भाताच्या बांधबंदिस्त तुकड्यात, स्वतः उभी राहून रोवणी करून बसली होती. धान आता निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. या वेळी पाणी तुटलं की दाणा भरत नाही, लोंबी वरून छान दिसते आणि आत पोचट निघते. शनिवारचं पाणी चुकलं होतं. बांधीत बोट जाईल अशा भेगा होत्या. शेतीची लाइन दुपारी चारला जाते आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाही. आज पाणी गेलं नाही तर पोचट धानाबरोबर तिला वर्षभर दादाचं 'मी म्हटलं होतं' मळून घ्यावं लागणार होतं. दादाला मी लहानपणापासून ओळखतो. त्याने ते खरोखर वर्षभर म्हटलं असतं.

मी शेतावर पोचलो तेव्हा व्यवस्था पाहून धन्य झालो. मोटारीची खोपी म्हणजे वर टिनाचं पत्रं आणि चार भिंती, उभा माणूस आत वाकतो. वैशाखात तिच्यात पापड भाजता येतात. आता जावई असा माणूस खोपीत उकिडवा कसा बसेल? म्हणून दादाने जवळच्या आंब्याखाली खाट टाकली होती, खाटेवर सतरंजी, सतरंजीवर उशी, आणि उशीला टेकून जवाईबापू, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला निळं बोर्ड. पायाशी ताकाचा गडवा. जवाईबापू खोपीपर्यंत येत नव्हते म्हणून खोपीच त्यांच्यापर्यंत आणली होती. माझा पुतण्या, दादाचा मुलगा, मंडप आणि लायटिंगचा धंदा करतो. लग्नसराईत झाडाझाडाला दिवे लावणारा बाप्या. त्याने स्टार्टरच्या डब्यातून वायरींची जुडी ओढून थेट खाटेपर्यंत आणली होती. दोन वायरी रिलेच्या, चार चिपशी बोलायच्या.

"जयभीम काकाजी. बसा ना," जवाईबापू म्हणाले.

"काय म्हणते तुमची चिप?"

"झोपली आहे."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. या जातीची चिप काम नसलं की झोपते. हाका मारून उठत नाही. तिची एक वायर ठरावीक क्षणभर खाली ओढून धरायची, मग सोडायची, मग थोडं थांबायचं, मग अदबीने विचारायचं. घाई केली तर उत्तर नाही, उशीर केला तर परत झोपते. शिष्टाचारात बोटभर चूक झाली की जणू आपण तिथे नाहीच. अशी वागणूक मी आयुष्यात दुसऱ्या एकाच प्राण्याला मिळताना पाहिली आहे, आणि तो माझ्यासमोर खाटेवर ताक पीत होता.

"सकाळी अधूनमधून उत्तर देत होती," जवाईबापू म्हणाले. "आता अजिबात नाही."

त्यांनी काय काय केलं ते सांगितलं. प्रोग्रामातला चिपचा पत्ता बदलून पाहिला. बोलण्याचा वेग कमी करून पाहिला. प्रोग्राम पुसून नवा घातला. पुण्याच्या मित्राला फोन केला, तो म्हणाला चिप नकली असेल. मग दुसऱ्या मित्राला केला, तो म्हणाला पहिल्याचं ऐकू नको. स्क्रीनवर दर वेळी तेच एक वाक्य येत होतं की असं कोणतंही उपकरण सापडलं नाही. जवाईबापू ते वाक्य वाचून मान हलवत आणि दादाही हलवी, जणू दोघांनी मिळून एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या मृत्यूची बातमी ऐकली आहे.

"वायर त बरोबर हाये ना जिजाजी?" पुतण्याने विचारलं.

"वायरचा प्रश्नच नाही. हे बघा."

त्यांनी एक कळ दाबली. खोपीत रिले टक् वाजला, मोटार घुमली, पाइपाच्या तोंडाला खोकला आल्यासारखं झालं आणि ओंजळभर पाणी पाटात पडलं. बांधावर उभी असलेली वहिनी धावत निघाली. जवाईबापूंनी दुसरी कळ दाबली. मोटार बंद.

"म्हणजे वायर ठीक आहे," ते म्हणाले.

वहिनी अर्ध्या वाटेवर थांबली. जावयाशी ती थेट बोलत नाही. आमच्याकडच्या जुन्या चालीप्रमाणे पदर पुढे ओढते आणि जे सांगायचं ते दुसऱ्या कोणाकडे बघून सांगते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, चालू झाली होती ना ते? बंद काहून केली, विचारा त्यायले."

"ते टेस्टिंग होतं, काकाजी," जवाईबापू मलाच म्हणाले, जणू मी बसस्टँडवरचा चौकशी खिडकीतला माणूस. "चिपला न विचारता चालवलं तर सिक्युरिटी बायपास झाली. मग बसवलीच कशाला?"

वहिनी फावडं घेऊन पाटाकडे वळली.

मी दादाला बाजूला घेतलं. "दोन वायरी पिळून देतो. पाणी जाऊ दे, मग तुझा जवाई बसू दे जागी करत चिपीले."

"जवाई समोर बसले हायेत," दादा म्हणाला.

"मंग?"

"मंग काय? त्यायच्या देखत त्यायचं काम तोडशीन का तू? लोक काय म्हणतीन?"

लोक म्हणजे पलीकडच्या बांधावरच्या दोन म्हशी.

आणि मग ऊन सरकलं. आंब्याची सावली खाटेवरून उतरली आणि जवाईबापूंच्या पायाचा अंगठा उन्हात आला. दादा ताडकन उठला. खाट उचलली गेली, सावलीत नेली गेली; जवाईबापू उभे राहिले, चार पावलं चालले, पुन्हा बसले. वायर पुरेना. पुतण्याने पोत्यातून नवा तुकडा काढला, साल काढली, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली. हे त्याने इतक्या सफाईने केलं की सकाळपासून हेच चाललं असणार हे माझ्या ध्यानात आलं. मी वायरीच्या कडेने खोपीपर्यंत चालत गेलो. टेपच्या गाठीमागून गाठी. सकाळी खाट खोपीच्या दाराशी होती. सावली फिरेल तशी खाट फिरली, खाट फिरेल तशी वायर वाढली. सकाळी चिप अधूनमधून बोलत होती. दुपारी मुकी झाली.

मी तिथेच उभा राहून मनातल्या मनात लोटपोट हसलो. ही चिप बोर्डाच्या शेजारी, बोटभर अंतरावर बसवण्यासाठी केलेली असते. तिचा आवाज कानात कुजबुजण्याइतकाच. रिलेचं काम म्हणजे धक्का मारणं, तो शिवाराच्या टोकावरूनही मारता येतो. पण चिपची कुजबुज त्या लांबलचक वायरीत विरघळत होती, आणि बोर्डाची हाक तिच्यापर्यंत पोचेतो हाक राहत नव्हती. तिकडे जवाईबापूंचं संशोधन वेगळ्याच दिशेने चाललं होतं.

"मामाजी, पॅटर्न लक्षात आला," ते दादाला म्हणाले. "सकाळी गारवा होता, तेव्हा रिस्पॉन्स होता. ऊन वाढलं, रिस्पॉन्स गेला. हीटिंग आहे."

"गरमीच हाये मंग," दादा म्हणाला.

"आपण अजून सावलीत जायला पाहिजे."

पुतण्याने पोत्यात हात घातला. दादाने ओला दुपट्टा आणून स्टार्टरच्या डब्यावर घातला. लोखंडी डब्यात थ्री-फेजची लाइन आणि वर ओलं फडकं. मी ते फडकं काढलं, दादाने पुन्हा घातलं, मी पुन्हा काढलं आणि त्याच्यावर बसलो. मग दादाला तिथेच आवाज दाबून सगळं समजावलं. वहिनी खोपीच्या मागे पाट साफ करत होती, तिलाही ऐकू गेलं असणार, कारण फावड्याचा आवाज थांबला.

दादाने ऐकून घेतलं. त्याला पटलंही, कारण त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे खाट टाकली तेच चुकलं म्हणतोस?"

"खाट नाही, वायर."

"वायर पोराने जोडली. खाट म्या टाकली. आता जवायाले सांगू का, तुमी आरामात बसले म्हून मोटार चालून नाही राहिली? उठा, त्या भट्टीत जाऊन बसा? पाहुणा हाये तो."

"चिप बी पाहुणीच हाये. तिच्याजवळ कोणी जाऊन बसत नाही."

"तू शाळेत सांग हे," दादा म्हणाला.

मग मी युक्ती केली. मला युक्त्या फार आवडतात आणि त्या क्वचितच चालतात. जवाईबापूंजवळ जाऊन गंभीरपणे म्हणालो, "या आंब्यावर लाल मुंग्या उतरून राहिल्या. चावल्या तर हात सुजतो. आत खोपीत बरं राहील."

जवाईबापू चटकन उठले. माझा विजय एक क्षण टिकला. दादाने मोठ्या आवाजात सांगितलं की मोहाच्या झाडाखाली मुंग्या नसतात, आणि खाट उचलून मोहाकडे निघाला. मोह आंब्याच्या दुप्पट लांब. पुतण्याने पोतं खांद्यावर टाकलं. वायरीत आणखी तीन गाठी पडल्या आणि चिप, जी आतापर्यंत नुसती झोपली होती, ती आता परदेशात गेली.

वहिनी माझ्याजवळ आली. "भाऊजी, तुमाले कोनं सांगितलं होतं मुंग्याचं?"

मी पायाशी आलेली वायर बाजूला सारली.

"लाइन जाते आता."

"जाते," मी म्हणालो.

ती बांधीकडे बघत होती. हिरवंगार दिसत होतं, आणि तेच वाईट होतं. पोचट व्हायचं असलेलं धानही असंच हिरवं दिसतं. मला त्या क्षणी त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपचा असा संताप आला, जसा एखाद्या माणसाचाही येत नाही. बांधीतले लाखो दाणे भरायचे थांबले होते, कारण एका दाण्याशी कोणी नीट बोलत नव्हतं.

सुटका झाली ती माझ्या बुद्धीने नव्हे, लॅपटॉपच्या भुकेने. मोहाखालून जवाईबापूंचा आवाज आला की चार्जिंग संपत आलंय, इथे पॉइंट पाहिजे. पॉइंट एकच, खोपीत. पुतण्याने पोतं उलटं केलं. आतून दोन होल्डर, एक पकड आणि पालापाचोळा पडला. दिवसभर जावयाच्या मागे सावली शोधता शोधता लग्नाच्या मांडवाला पुरेल एवढी वायर संपली होती.

"घरी हाये एक बंडल," पुतण्या म्हणाला. "कूलरले लावलं. गाडीने आणतो, हे गेलो हे आलो."

"कूलर काढू नको," वहिनी म्हणाली. पदर होता, पण आवाजाला पदर नव्हता. "लेकरू झोपलं हाये. उठन."

लेकरू म्हणजे जवाईबापूंचंच. त्यांच्या लेकराची झोप मोडायची कोणाची छाती? पुतण्याने गाडीची किल्ली परत खिशात घातली. आता मला माहीत होतं, आणि वहिनीलाही माहीत होतं, की मी दादाच्या घरून जेवून निघालो तेव्हा ते लेकरू टक्क जागं होतं आणि शेजारणीच्या अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत होतं, आणि कूलरमध्ये सकाळपासून पाणीच नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. ती फावड्याची माती काढण्यात गर्क होती.

"मग खोपीतच जावं लागेल," जवाईबापू म्हणाले.

दादाने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पण हा निर्णय जावयाचा होता, म्हणून तो योग्य होता. जवाईबापू लॅपटॉप आणि बोर्ड छातीशी धरून वाकून खोपीत शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोटारीसमोर उकिडवे बसले. टिनाखालची हवा बाहेर उभ्या असलेल्या मलाही लागत होती. मी संधी साधली.

"जवाईबापू, ही वायरीची गुंतवळ पायात येऊन राहिली. कापून जवळूनच जोडून देऊ का?"

"चालेल, काकाजी. मला जागा करून द्या फक्त."

मी पकडीने ती वायर कापली. लग्नाच्या मांडवात रिबीन कापणाऱ्या पुढाऱ्यालाही एवढं सुख झालं नसेल. चिपच्या चार वायरी चार बोटं ठेवल्या, रिलेच्या दोन्हींसकट तिथेच बोर्डाला जोडल्या आणि बाजूला झालो. जवाईबापूंनी घाम पुसत कळ दाबली. स्क्रीनवर उपकरण सापडल्याचं वाक्य आलं. चिप उठली, तिने प्रश्न ऐकला, सही करून हो म्हणाली, रिले टक् वाजला आणि मोटार घुमायला लागली. या वेळी कोणी ती बंद केली नाही.

पाणी पाटात आलं. आधी गढूळ, मग निवळ. वहिनी पाटात उभी होती, साडी पिंढरीपर्यंत खोचलेली, आणि फावड्याने बांध फोडून पाणी आपल्या बांधीत वळवत होती. भेगा पाणी गिळताना बुडबुड आवाज करत होत्या. लाइन जायला अवकाश फार नव्हता, पण निसवत्या धानाला जीव धरायला तेवढं पुरणार होतं. दादा काठावर बसून तिच्याकडे बघत होता. 'मी म्हटलं होतं' हे वाक्य त्याच्या हातून गेलं आहे, हे त्याला हळूहळू कळत होतं.

एवढ्यात खोपीतून जवाईबापू बाहेर आले. सदरा पाठीला चिकटलेला, केसातून घाम गळतोय, तोंड वांग्याच्या भरतासारखं झालेलं. पण चेहऱ्यावर तेज. ते कमरेवर हात ठेवून दादासमोर उभे राहिले.

"बघा मामाजी, मी सकाळपासून हेच सांगत होतो. हीटिंगचाच प्रॉब्लेम होता. गार झाली आणि चालली."

"होय त जी," दादा म्हणाला. "तुमच्या हातालेच यश हाये."

पुतण्याने मान हलवली. मीही हलवणार होतो. पण पाटातलं फावडं थांबलं. लग्न होऊन लेकरू चालायला लागलं तरी या बाईने जावयाला थेट एक शब्द विचारलेला नव्हता. ती वळली, पदर खांद्यावरच होता, आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून, शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

"मंग त्या खोपीत का बरफ पडून राहिला होता जी?"